‘गाइड’मधली किंमत कोणी कोणाला दिली होती?

पेट परीक्षा झाली, सिनॉप्सिस लिहायला घेतला आणि ‘संशोधनाची साधने’ या मथळ्याखाली काय लिहायचं इथे गाडी अडली, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. आजचा लेख त्या मथळ्याबद्दल आहे. पण तो सांगायला तुम्हाला जरा लांब नेते. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या कन्व्हेन्शनमध्ये एखाद्या टेबलापलीकडे बसलेला माणूस दहा सेंटांचं जुनं कॉमिक शेकडो, कधी हजारो डॉलरला विकतो. ही खरेदी-विक्री सुरू कशी झाली, यावर माझ्या प्रबंधात एक प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात माझी चांगलीच फजिती झालेली आहे.

दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला होता. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला त्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची किंमत. पहिला बिंदू १९३८, दहा सेंट. दुसरा १९७०, ३०० डॉलर. तिसरा १९७३, सुमारे १,८०० डॉलर. शेवटचा २०१४, ३२ लाख डॉलर. रेघ अशी झोकात वर चढली होती की आरआरसीसमोर हीच पहिली स्लाइड ठेवायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

सरांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, “हे ३०० डॉलर कोणी कोणाला दिले?”

मी म्हटलं, “सर, गाइडमध्ये आहे.”

“कुठल्या गाइडमध्ये? तुझा गाइड तर मी आहे.”

आपल्याकडे पीएचडीच्या मार्गदर्शकाला गाइड म्हणतात आणि या धंद्यात किमतीच्या पुस्तकाला गाइड म्हणतात, त्यामुळे तेव्हा हसून वेळ निभावली. पण घरी येऊन नीट पाहिलं तर लक्षात आलं, की माझ्या रेघेवरचे चार बिंदू चार वेगवेगळ्या जातीचे आहेत. दहा सेंट ही प्रकाशकानं मुखपृष्ठावर छापलेली किंमत. ३०० डॉलर ही एका पुस्तकातली नोंद, जिच्यामागे कुठलीही एक विशिष्ट प्रत नाही, घेणारा नाही, विकणारा नाही. १,८०० डॉलर खरोखर दिले गेले, पण तो व्यवहार आपल्याला माहीत आहे तो त्याची वर्तमानपत्रात बातमी झाली म्हणून. आणि ३२ लाख हा इंटरनेटवरच्या जाहीर लिलावाचा आकडा, तोही एका कंपनीनं तपासून, गुण देऊन, प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या एका विशिष्ट प्रतीचा. या चौघांना जोडणारी रेघ मी काढली होती. बाजारानं नव्हे.

मग खरे व्यवहार कुठे झाले? बरेचसे कन्व्हेन्शनच्या टेबलांवर झाले. रोखीनं, पावतीशिवाय. म्हणून त्या टेबलांकडे यायचं, पण त्याआधी ही वस्तू तिथवर पोहोचली कशी ते पाहू.

१९३८ साली कॉमिक म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली, दोन पिना मारलेली, पेपरच्या स्टॉलवर मिळणारी पोरांची वस्तू. त्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती निघाल्या, असं मानलं जातं. आज शंभरच्या आसपास उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? पोरांनी वाचून फाडल्या, एकमेकांना दिल्या, मागच्या खिशात दुमडून घातल्या. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात गठ्ठेच्या गठ्ठे लगद्यात गेले. युद्धानंतर कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड सुरू झाली. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये शाळेच्या आवारात कॉमिक्सची होळी झाली. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. याखेरीज घरोघरच्या आया होत्याच. ‘आईनं माझी कॉमिक्स टाकून दिली’ हे वाक्य अमेरिकन संग्राहकांच्या आठवणींत इतक्यांदा येतं की मी ते मोजायचं सोडून दिलं. शिवाय कागदातलं आम्ल होतं. कोणी हात लावला नाही तरी तो कागद आपला आपण पिवळा पडून ठिसूळ होतो.

थोडक्यात, रद्दी. आणि इथे एक सिद्धांत फार उपयोगी पडतो. मायकेल थॉम्पसन या मानववंशशास्त्रज्ञाचं १९७९ चं पुस्तक आहे, ‘रबिश थिअरी’. त्याचं म्हणणं असं: काही वस्तूंचं मोल काळाबरोबर घटत जातं, काहींचं वाढत जातं, पण पहिल्या गटातली वस्तू थेट दुसऱ्या गटात जात नाही. मध्ये तिला एकदा कवडीमोल व्हावं लागतं. रद्दी झाल्यावरच कोणीतरी ती उचलून म्हणू शकतो, की थांबा, ही वेगळी आहे. सिद्धांत छान आहे, पण ‘कोणीतरी’ या शब्दापाशी इतिहासाच्या विद्यार्थ्यानं थांबायला हवं. ही उचलणारी माणसं कोण होती, कुठे राहत होती, आणि त्यांना गिऱ्हाईक कुठून मिळालं?

अगदी सुरुवातीचा एक माणूस कॅन्सस राज्यातल्या कॉन्कॉर्डिया या लहान गावात सापडतो. पॉप हॉलिंजर. १९४० च्या आसपास तो जुनी कॉमिक्स विकत होता. अंक टिकावेत म्हणून कण्याला कागदी पट्टी चिकटवायचा. त्याच्या दृष्टीनं तो वस्तूची सेवा करत होता, कारण त्याचं गिऱ्हाईक वाचक होतं. पुढच्या काळातल्या संग्राहकांना मात्र ती पट्टी म्हणजे नासधूस वाटते आणि त्यामुळे भाव पडतो. ‘चांगली प्रत’ या शब्दांचा अर्थच मधल्या काळात बदलला. तो बदल कुठे झाला हे शोधणं मला आलेखातल्या रेघेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

संघटित खरेदी-विक्री सुरू झाली ती टपालानं. डेट्रॉइटमधले प्राध्यापक जेरी बेल्स यांनी मार्च १९६१ मध्ये ‘ऑल्टर ईगो’ हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं. अशा घरगुती नियतकालिकाला फॅनझीन म्हणतात. जांभळ्या शाईत, आपल्या सायक्लोस्टाइलच्या भावकीतल्या यंत्रावर काढलेलं. त्याच वर्षी त्यांनी केवळ जाहिरातींसाठी ‘द कॉमिकलेक्टर’ सुरू केलं, आणि ते १९६४ मध्ये मायामीच्या जी. बी. लव्ह यांच्या ‘रॉकेट्स ब्लास्ट’मध्ये विलीन झालं. या जाहिरातींत अंकाचं नाव, क्रमांक, प्रतीची अवस्था आणि किंमत असते. मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा हरखून गेले, आकड्यांची खाणच मिळाली म्हणून. पण या किमती मागितलेल्या आहेत, मिळालेल्या नाहीत. मंडईत भाजीवाला पहिल्या झटक्यात जो भाव सांगतो, तो तुम्ही त्या दिवसाचा भाव म्हणून प्रबंधात लिहाल का? आणि जो अंक तीन महिने लागोपाठ त्याच किमतीला जाहिरातीत दिसतो, तो त्या किमतीला विकला जात नाहीये, एवढीच माहिती ती जाहिरात देते. पण तीही माहितीच आहे. मला ती उशिरा दिसली.

टपालाच्या धंद्यात एक मोठी अडचण होती. पैसे आधी पाठवायचे आणि प्रत नंतर बघायची. सगळा भरवसा अवस्थेच्या एका शब्दावर. मिंट, फाइन, गुड वगैरे. मिंट म्हणजे टाकसाळीतून नुकतं निघाल्यासारखं. हा शब्द नाण्यांच्या संग्राहकांकडून आलेला. या श्रेणीतलं ‘गुड’ प्रत्यक्षात बरंच खालच्या पायरीवर आहे. गुड प्रत म्हणजे मळकी, दुमडलेली, पण पानं शाबूत असलेली. आपल्याकडे लग्न जमवताना ‘मुलगी स्वभावानं चांगली आहे’ म्हणतात, तसलं ते ‘चांगली’. विकणारा ‘फाइन’ म्हणतो, पाकीट उघडल्यावर घेणाऱ्याला ते ‘गुड’ वाटतं, मग पत्रांवर पत्रं. फॅनझीनच्या पानांत या तक्रारी ठिकठिकाणी दिसतात. किंमत नावाची गोष्ट इथे अजून स्थिर झालेलीच नाही, कारण वस्तू कशी आहे यावरच एकमत नाही.

आणि मग ही माणसं एका खोलीत आली.

पहिलं कॉमिक कन्व्हेन्शन कोणतं यावर वाद आहे, आणि त्या वादात मी पडत नाही. मे १९६४ मध्ये डेट्रॉइटला आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला छोटे मेळावे भरले. दोन्हीकडे पुढाकार शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलांचा, उपस्थिती काही डझन. त्यांच्यापुढे नमुना होता तो विज्ञानकथांच्या संमेलनांचा, जी १९३० च्या दशकापासून भरत होती आणि जिथे जुनी मासिकं विकणाऱ्यांसाठी वेगळी खोली असे. १९६८ पासून फिल स्यूलिंग या ब्रुकलिनमधल्या इंग्रजीच्या शिक्षकानं न्यूयॉर्कमध्ये दरवर्षीचं मोठं कन्व्हेन्शन सुरू केलं, बहुतेक वर्षी चार जुलैच्या सुट्टीला. १९७० मध्ये सॅन डिएगोत शेल डॉर्फ आणि त्याच्या तरुण साथीदारांनी आधी मार्चमध्ये एक दिवसाचा आणि मग ऑगस्टमध्ये तीन दिवसांचा मेळावा घेतला. ऑगस्टला साधारण ३०० लोक आले. आज त्याच कन्व्हेन्शनला सव्वा लाखाहून अधिक येतात.

डीलरची खोली नेमकी चालायची कशी, ते सावकाश सांगते, कारण या विषयाचा जीव तिथे आहे.

हॉटेलचा एक हॉल. लांब टेबलांच्या रांगा. प्रत्येक टेबलाचं भाडं आयोजकाला द्यायचं. म्हणजे चित्रकारांची भाषणं, चर्चा, सिनेमे यांचा खर्च बऱ्याच अंशी या टेबलांच्या भाड्यावर निघायचा, आणि चाहत्यांच्या आठवणींत धंद्याची खोली दुय्यम वाटली तरी हिशेबात ती तशी नव्हती. दारं उघडण्याआधी डीलर मंडळी माल लावायला आत येतात, आणि पहिली खरेदी तिथेच होते, आपापसांत. ज्याला न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक माहीत आहेत तो बाहेरगावच्या डीलरकडून उचलतो, टेबलावर चादर अंथरायच्या आधीच. सकाळी दहाला आत येणाऱ्या सामान्य चाहत्याला जो भाव दिसतो त्यात ही पहाटेची उलाढाल मुरलेली असते. तिची नोंद कुठेही नाही.

मग गर्दी आत येते. भारी अंक मागच्या फळीवर, नजरेसमोर पण हाताबाहेर. मधले अंक पेट्यांत उभे, क्रमानं. खाली जमिनीवर स्वस्त मालाची पेटी, ज्यात पोरं गुडघ्यावर बसून चाळत असतात. चाहत्याच्या खिशात यादी असते, आपल्याकडे कोणते क्रमांक नाहीत त्याची. हा कागद डीलरला दिसू द्यायचा नसतो, कारण कुठला अंक आपल्याला अडलाय हे कळलं की घासाघीस संपली. (तुळशीबागेत आई मला तोंड बंद ठेवायला सांगायची ते याच कारणानं.) अंक हातात घेऊन तो उजेडात धरायचा, पिना गंजल्यात का बघायचं, कण्यावर ताणाच्या रेषा मोजायच्या, मधलं पान आहे ना याची खात्री करायची. कडा कापून सरळ केल्यात का, मुखपृष्ठावर रंग भरलाय का, हेही डोळ्यांनीच ओळखायचं. डीलर म्हणतो फाइन, गिऱ्हाईक म्हणतं व्हेरी गुड, आणि त्या दोन शब्दांमधल्या अंतरावर व्यवहार ठरतो. पैशांऐवजी अंकाच्या बदल्यात अंक दिला तर तर काही सोयच नाही, त्या सौद्याला आकडाच नसतो. रविवारी दुपारी, माल परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असताना, भाव उतरतात. म्हणजे एकाच प्रतीचा शुक्रवारचा भाव आणि रविवारचा भाव वेगळा.

टपालात जे जमत नव्हतं ते इथे झालं. शेकडो माणसांनी एकाच खोलीत शेकडो प्रती हाताळल्या, एकमेकांचे शब्द तपासले, आणि ‘फाइन’ म्हणजे किती फाइन याचा एक सामाईक अंदाज तयार झाला. हॉलिंजरच्या पट्टीची नासधूस झाली ती अशाच खोल्यांमध्ये, हे माझ्या प्रकरणाचं म्हणणं आहे. वाचकाला पट्टी चालत होती. पण दोन प्रती शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला ती खुपू लागली.

आता गाइड. १९७० च्या शेवटी टेनेसी राज्यातल्या क्लीव्हलंडमधून (ओहायोतलं नव्हे, तिकडचे सुपरमॅनचे जनक) रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी ‘द कॉमिक बुक प्राइस गाइड’ काढलं. किंमत पाच डॉलर, पहिली छपाई हजार प्रतींची. अंकांची यादी आणि प्रत्येकापुढे अवस्थेनुसार तीन रकान्यांत भाव. त्यात सर्वात वरच्या रकान्यात माझे ते ३०० डॉलर. हे भाव आले कुठून? डीलरच्या याद्या, जाहिराती, डीलर आणि संग्राहकांनी कळवलेले व्यवहार, यांवरून ओव्हरस्ट्रीट यांनी ठरवले. पुढे दरवर्षी नवी आवृत्ती निघत गेली आणि सल्लागारांची यादी वाढत गेली. त्या यादीत डीलरच डीलर आहेत. साहजिक आहे, माहिती त्यांच्याकडेच होती. पण मालही त्यांच्याकडेच होता.

याचा अर्थ भाव खोटे होते असा घाईनं काढू नका. मी तो काढला होता आणि एका सेमिनारमध्ये बोलूनही बसले होते. प्रश्न लबाडीचा नाहीच. प्रश्न असा आहे, की पुस्तक छापून आल्यावर टेबलावर काय झालं? गाइडची प्रत टेबलाखाली आली. माळ्यावर पेटी सापडलेला माणूस आता गाइड वाचून येऊ लागला आणि छापील भाव मागू लागला. त्याला समजवावं लागे, की बाबा, मी गाइडच्या निम्म्यानं किंवा त्याहून कमीनंच घेणार, मला भाडं आहे, माल पडून राहतो. गिऱ्हाईकही आता ‘किती?’ न विचारता ‘गाइडच्या किती टक्के?’ असं विचारू लागलं. म्हणजे सौदे गाइडच्या पटीत किंवा टक्क्यांत होऊ लागले, ते सौदे डीलरनी गाइडला कळवले, आणि त्यावरून पुढच्या वर्षीचं गाइड बनलं. थर्मामीटर ताप मोजतो, पण या थर्मामीटरकडे बघून ताप चढत-उतरत होता.

समाजशास्त्रात यावर चांगलं लेखन आहे. डोनाल्ड मॅकेन्झी यांचं ‘अॅन इंजिन, नॉट अ कॅमेरा’ हे २००६ चं पुस्तक शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या किमतीच्या सूत्राबद्दल आहे. सूत्र बाजाराचं वर्णन करायला निघालं, व्यापारी ते सूत्र हातात घेऊन व्यापार करू लागले, आणि बाजार काही काळ सूत्रासारखा वागू लागला. कॉमिक्सवाल्यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण हॉटेलच्या हॉलमध्ये घडत होतं ते याच जातीचं.

गाइड आणि टेबल यांच्यातली फट एकदा उघडपणे दिसते. १९७७ मध्ये कोलोरॅडोत चक रोझान्स्की या तरुण डीलरला एडगर चर्च नावाच्या व्यावसायिक चित्रकाराच्या घरातला साठा मिळाला. घर रिकामं होत होतं. कपाटात रचून ठेवलेले हजारो अंक, १९३०-४० च्या दशकांतले, आणि बरेचसे कालच आणल्यासारखे कोरे. कोरड्या हवेत, एकावर एक दाबून, न हाताळता राहिलेले. गाइडच्या सर्वात वरच्या रकान्यातसुद्धा असल्या प्रतींना जागा नव्हती. रोझान्स्कींनी गाइडपेक्षा बराच जास्त भाव लावला, त्यावरून आरडाओरडा झाला, आणि तरीही अंक विकले गेले. मला या प्रसंगात रस आहे तो एवढ्यासाठी, की आरडाओरडा झाला म्हणून कागद उरले. सगळं सुरळीत चालतं तेव्हा बाजार काही लिहून ठेवत नाही. तुमचा विषय धान्याचा असो की जमिनीचा, भांडणं शोधा.

पुढचं जरा भरभर. स्यूलिंगनी १९७२-७३ च्या सुमारास प्रकाशकांशी थेट करार केले: माल जास्त सवलतीत द्या, उरला तरी आम्ही परत करणार नाही. पेपरच्या स्टॉलवाल्यांना न खपलेला माल परत करता यायचा, इथे ती सोय नाही. म्हणजे जुने अंक विकण्याची सवय असलेल्या माणसांनी नव्या अंकांचं वितरण हातात घेतलं, कारण न खपलेला अंक त्यांच्या दृष्टीनं उद्याचा माल होता. यातून कॉमिक्सची खास दुकानं उभी राहिली. आणि यातूनच १९९० च्या सुमाराची ती सुप्रसिद्ध हाव आली. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ च्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून आला आणि लोकांनी तो न उघडता जपून ठेवला. पण १९३८ चा अंक महाग झाला तो लोकांनी फेकून दिला म्हणून. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ काय राहणार? दुकानं धडाधड बंद पडली, डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘एक्स-मेन’चा तो अंक आजही कन्व्हेन्शनमध्ये स्वस्त पेटीत सापडतो.

२००० मध्ये सीजीसी ही कंपनी सुरू झाली. तुम्ही अंक पाठवायचा, ते तपासून ०.५ ते १० पर्यंत गुण देतात आणि टणक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून परत करतात. दुरुस्ती केलेली असेल तर लेबलाचा रंग वेगळा. टेबलावरची ‘फाइन की व्हेरी गुड’ ही हुज्जत एका आकड्यात मिटली. अंक उजेडात धरायची गरज नाही आणि उघडून वाचायची तर सोयच नाही. वस्तूबद्दल शंका उरली नाही की ती न बघता विकत घेता येते, त्यामुळे व्यवहार लिलावाच्या संकेतस्थळांकडे सरकला, आणि झालेल्या विक्रीचे आकडे जाहीरपणे दिसू लागले. २०१४ चा माझा शेवटचा बिंदू तिथला आहे: ९.० गुणांची प्रत, ३२,०७,८५२ डॉलर. संशोधकाला वाटतं, चला, आता खरी साधनं मिळाली. मिळाली, हे खरंच. पण मग २००० च्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करताना बाजार बदलला की नोंद ठेवायची पद्धत बदलली, हे वेगळं कसं काढायचं? मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

टेबलांचं काय झालं? २०१७ मध्ये रोझान्स्कींच्या माइल हाय कॉमिक्सनं चव्वेचाळीस वर्षांनंतर सॅन डिएगोत टेबल न लावण्याचा निर्णय जाहीर केला. कारणांत वाढलेला खर्च होता. जुन्या अंकांच्या भाड्यावर उभं राहिलेलं कन्व्हेन्शन आता सिनेमा कंपन्यांच्या मंडपांनी भरलंय, आणि जुने अंक विकणाऱ्यांना तिथे परवडत नाही.

मग मी काय केलं? आलेख मोडला. आता चार वेगळे तक्ते आहेत: छापील, मागितलेली, कळवलेली आणि दिलेली किंमत. दिलेल्या किमतीचा तक्ता २००० पूर्वी जवळजवळ रिकामा आहे आणि तो मी रिकामाच ठेवलाय. कन्व्हेन्शनच्या कार्यक्रमपत्रिका वाचते, त्यात डीलरच्या जाहिराती असतात, कधी टेबलांचा नकाशाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉमिक्सचा आणि फॅनझीनचा प्रचंड संग्रह आहे. अशा संग्रहाचा कॅटलॉग चाळणं हेही काम आहे, त्याला वेळ द्या. जुन्या अंकांच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेले आणि खोडलेले आकडे असतात. ते तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतात. डीलरच्या मुलाखती आहेत, पण त्यांत ‘मी अमुक अंक पाच डॉलरला घेतला आणि पाचशेला विकला’ हे हमखास असतं. पाचशेला घेऊन पाचला विकलेले अंक कोणाला आठवत नाहीत. माझा तो १९७३ चा १,८०० डॉलरचा व्यवहारही त्याच जातीचा. कॅलिफोर्नियातल्या एका तरुणानं कॉमिकसाठी एवढे पैसे मोजले हे लोकांना वेडेपण वाटलं, म्हणून तो छापला गेला. त्याच दिवशी देशात दोन-पाच डॉलरला विकले गेलेले अंक छापले गेले नाहीत.

हे सगळं अमेरिकेचं झालं. तुमच्यापैकी कोणाला इकडचा विषय घ्यायचा असेल तर इंद्रजाल कॉमिक्स आहेत. १९६४ ते १९९० या काळात टाइम्स समूहानं ती काढली, मराठीतसुद्धा. त्यांच्या जुन्या अंकांना आज गिऱ्हाईक आहे. पण इकडे अनेक दशकं कन्व्हेन्शन नव्हतं. कॉमिक कॉन इंडिया दिल्लीत सुरू झालं ते २०११ मध्ये. टेबल नाही, गाइड नाही, मध्ये होता तो रद्दीवाला आणि त्याचा तराजू. किलोच्या भावानं विकली जाणारी वस्तू नगाच्या भावानं कधी विकली जाऊ लागली, हा प्रश्न कोणीतरी घ्यावा. मी घेतला असता, पण माझं रजिस्ट्रेशन संपत आलंय.

गेल्या आठवड्यात सरांना चार तक्ते दाखवले. त्यांनी रिकाम्या तक्त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. विकणाऱ्यांचं तू सांगितलंस. टेबलाच्या अलीकडे जे उभे होते, त्यांची यादी कोणाकडे असेल?”

खिशातली ती यादी. कोणते क्रमांक नाहीत त्याची. फॅनझीनच्या मागच्या पानांवर अशा याद्या छापलेल्या असतात, ‘पाहिजेत’ या मथळ्याखाली, आणि मी त्या तीन वर्षं जाहिराती म्हणून उलटून पुढे गेले होते. सध्या त्या पहिल्या अंकापासून पुन्हा वाचते आहे.